गोधड्यांची खोली

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायला शिकायचं म्हणून लोहा गावच्या शिल्पानं सामानाच्या खोलीत भिंतीभर घरातल्या सगळ्या गोधड्या टांगल्या आणि मधोमध माइक उभा केला. कंप्युटरच्या पंख्याची घरघर रेकॉर्ड होते म्हणून तो तेवढा बाहेर हॉलमध्ये ठेवला आणि माइकची वायर दाराखालून त्याला जोडली.

सासूबाई भडकल्या. “पाव्हणे आले तर त्यायला काय तुझं गाणं पांघरायला देऊ?”

“आत्याबाई, आत कुणी कितीबी बोंबललं तरी बाहेर चकार शब्द ऐकू येत न्हाई,” शिल्पानं समजावलं.

सासूबाईंनी खोलीच्या दाराची कडी एकदा लावून-काढून पाहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या साखराबाईंना घेऊन त्या खुशाल त्याच खोलीत शिरल्या, आतून कडी लावली आणि दोघींनी मिळून सुनेला धुवायला घेतलं. तिचं पाणचट वरण, तिचं उशिरा उठणं, तिच्या माहेरचा कंजूषपणा, काही म्हणता काही सोडलं नाही.

तेवढ्यात दार वाजलं. कडी काढली तर समोर शिल्पा, गळ्यात हेडफोन.



“आत्याबाई, जरा माइकजवळ सरकून बोला की. साखराबाईचा आवाज खणखणीत हाय, तुमचाच लई बारीक येऊन राहिला.”