सुरयाची साद

"दोन दिवस ऊन नाही, बॅटरी संपत आलीय," बोटीत झुबेर हेमांगीला म्हणाला. "आता अंड्याला ऊब दिली, तर संध्याकाळी साद द्यायला काही उरणार नाही."

समोरच्या खडकावर यंत्रपक्षी अंड्यावर बसला होता. नामशेष ठरलेल्या सुरय पक्ष्याची एकच जोडी सापडली होती. नर जाळ्यात अडकून मेला, म्हणून त्याच्या जागी हा. जोडीदाराची साद आल्याशिवाय मादी घरट्यावर उतरत नसे, आणि खडकावर माणूस दिसला तर ती कायमची निघून गेली असती.

"ऊब बंद कर," हेमांगी म्हणाली. "आणि माझ्याकडे बघू नकोस. तीच गेली तर पिल्लाला भरवणार कोण?"

संध्याकाळी यंत्राने साद दिली, ते अंड्यावरून बाजूला सरकलं आणि बंद पडलं. मादी उतरली. चोचीतला मासा तिने यंत्रापुढे ठेवला, गार पडलेलं अंडं पोटाखाली घेतलं. थोड्या वेळाने तिने मासा त्याच्या आणखी जवळ सरकवला.