गैरसमज

छापखान्यातला काळा कामगार मोलेफे याला हातगाडीवर घालून आणलं, तेव्हा गेट्झेल लुरिन्स्की आपल्या साप्ताहिकाच्या पहिल्या पानाचे छपाईचे खिळे जुळवत होता. मथळा तयार होता. गोरे संपकरी काळ्या मजुरांना मारत सुटलेत ही खाणमालकांनी उठवलेली आवई आहे, असा.

हातगाडी ओढणाऱ्या बायकांनी मोलेफेला कागदाच्या गठ्ठ्यांवर निजवलं आणि त्या घाईने निघून गेल्या. त्याचं डोकं फुटलं होतं. उजवा हात कोपरातून भलतीकडेच वळला होता. याच हाताने तो कित्येक वर्षं छापखान्याचं यंत्र चालवत आला होता.

"पोलिसांनी मारलं?" गेट्झेलने विचारलं. त्याच्या आवाजात आशा होती.

मोलेफेने नकारार्थी मान हलवली. "आपल्याच माणसांनी. संपकऱ्यांनी."

गेट्झेलची बायको खयेना पाणी आणि फडकी घेऊन आली. रस्ते अडवलेले होते. डॉक्टर येण्याची शक्यताच नव्हती. गेट्झेलने डोक्यावर टोपी चढवली आणि तो बाहेर पडला.

झारच्या पोलिसांना चुकवून तो लिथुएनियातून जोहान्सबर्गला आला होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत भाषणं करत याच गोऱ्या खाणकामगारांच्या मतांवर तो नगरसेवक झाला. निकालाच्या दिवशी त्यांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. "आमचा ज्यू! आमचा ज्यू!" पुढे मालकांनी त्यांना काढून स्वस्तातले काळे मजूर घ्यायचं ठरवलं आणि संप पेटला. गेट्झेल प्रत्येक सभेत सांगायचा, तुमचा शत्रू मालक आहे, काळा मजूर नव्हे. लोक टाळ्या वाजवायचे. टाळ्या पटल्यामुळेच पडतात, असं त्याला वाटायचं.

बाजाराच्या चौकात संपकरी खंदक खणत होते. त्यांचा म्होरक्या नेड पास्को हा गेट्झेलचा जुना मित्र. निवडणुकीत दारोदार हिंडला होता तो त्याच्यासाठी.

"अरे, तुझा माणूस होता का तो?" सगळं ऐकून नेड कपाळावर हात मारून म्हणाला. "आमच्या पोरांना वाटलं, खाणीवर कामाला चाललाय. चुकून झालं रे!"

"चुकून?"

"मग काय, मुद्दाम? घरात पोरं उपाशी, छातीत खाणीची धूळ भरलेली. डोकं ठिकाणावर राहतं का माणसाचं?" त्याला खोकल्याची उबळ आली. कुदळीला टेकून तो बराच वेळ खोकत राहिला. "तू लिहिताना जरा सांभाळून घे. आज ना उद्या सैन्य येतंय आमच्यावर."

परतताना गेट्झेलची पावलं जरा हलकी पडत होती. चुकून झालं होतं. चूक सुधारता येते. छापखान्यात शिरताच त्याने जुना मथळा मोडला आणि नवा जुळवायला घेतला. 'गैरसमजातून मारहाण.'

खयेना फडकं पिळता पिळता पाहत होती. तिने ते शब्द उलटे, खिळ्यांवरच वाचले.

"माझ्या बाबांना ज्यू म्हणून जमावाने मारलं, तेव्हा आमच्या गावचा फौजदारही हेच म्हणाला होता," ती म्हणाली.

"तू गप्प बस!"

इतक्या वर्षांच्या संसारात तो तिच्यावर असा कधी ओरडला नव्हता. ती लाल झालेलं पाणी ओतायला मागच्या दारी गेली.

गेट्झेल मोलेफेपाशी गुडघे टेकून बसला. बातमीत आणखी एक वाक्य हवं होतं. ते मिळालं की सगळं जुळणार होतं.

"मोलेफे, तू त्यांना सांगायचं नाहीस का, तू कुणाच्या बाजूचा आहेस ते? त्यांना कळलं असतं, तर..."

मोलेफेने मान त्याच्याकडे वळवली.

"सांगितलं ना," तो म्हणाला. "ते शिव्या देत होते, हसत होते. पण वाट सोडत होते. मला धीर आला. म्हटलं, भावांनो, मीपण तुमच्यासारखा कामगारच आहे."

त्याने डोळे मिटून घेतले.

"तोवर कुणी हात लावला नव्हता."