सुनेचं काम

सून चित्रकलेच्या कॉलेजात मॉडेलचं काम करायची. मुलांचं चित्र पुरं होईपर्यंत एका जागी, न हलता उभं राहायचं. "सून काय करते?" असं कुणी विचारलं, की सासूबाई नाक मुरडून सांगायच्या, "काही नाही, नुसती उभी राहते."

त्या सकाळी दोघी दूध घेऊन येत होत्या, आणि एका बंगल्यातला भलामोठा कुत्रा साखळी तोडून अंगावर धावून आला. सासूबाई पळणार, तोच सुनेनं त्यांना पाठीशी घेतलं.

"आई, पळू नका. त्याच्याकडे बघूसुद्धा नका."

आणि ती उभी राहिली. हात अंगालगत, नजर खाली. कुत्रा दात विचकून गुरगुरला, त्याची लाळ तिच्या बोटांवर गळली, ओढणी दातात धरून त्यानं हिसका दिला. तिची पापणीही लवली नाही. सासूबाईंना वाटलं, आपण दगडी खांबाला धरून उभ्या आहोत. शेवटी कुत्र्यालाच काय करावं कळेना. तो मुकाट बाजूला झाला.

मालक धापा टाकत आला. "भल्याभल्यांची तंतरते हो याच्यापुढे! या ताई काय पोलिसात आहेत?"

सासूबाईंनी पदर सावरला, मान ताठ केली.

"नाही. माझी सून उभी राहते."