शेजारचा पाय

चढावर, वळणाच्या जरा अलीकडे, गाडीने तिसऱ्यांदा गचका खाल्ला आणि मान टाकली. मागचा टेम्पोवाला हॉर्न न वाजवता मुकाट्याने बाजूने निघून गेला. मावशींना त्याचीच जास्त लाज वाटली.

"कालपर्यंत तर चढत होती," त्या म्हणाल्या.

"कालपर्यंत माझा पाय होता," गाडी शिकवणारी म्हणाली. शिकाऊ गाडीत तिच्याही बाजूला क्लच-ब्रेक होते. "तुमच्या गाडीत माझा पाय कुठून आणणार?"

मावशींची गाडी म्हणजे यजमानांच्या माघारी चढाखाली झाकून ठेवलेली, गियरची. उद्या सकाळी तिला गिऱ्हाईक येणार होतं. मुलाने सरळ सांगितलं होतं, "आई, तू ती घरापर्यंत वर आणून दाखव, गिऱ्हाईकाला मी हात जोडून परत पाठवतो. नाहीतर माझी बिनगियरची आहेच की."

ती बिनगियरची मावशींनी एकदा चालवून पाहिली होती. डावा पाय सगळा वेळ पाहुण्यासारखा बसून राहिला.

"मावशी, दुकानातलं शिवणयंत्र कुठलं तुमचं? मोटरचं?"

"छे. पायाचं. पोराने हौसेने मोटर बसवली होती, आठवड्यात काढायला लावली. कापड काय म्हणतंय ते पायाला कळायला नको?"

"मग जीन्सची चौपदरी शिवण आली की काय करता? पाय दणकन टाकता?"

"वेडी की काय तू? सुई मोडेल माझी."

बोलता बोलता मावशी थांबल्या. स्टिअरिंगवरच्या हाताकडे पाहिलं, मग खाली पायाकडे. चप्पल काढून बाजूला सारली.

"आता बोलू नकोस," त्या म्हणाल्या.

गाडी सुरू केली. क्लच दाबला, पहिला गियर टाकला. मग तळवा सुतासुताने वर येऊ दिला. एका जागी तो हुळहुळला. पत्र्यातून बारीक थरथर वर आली, गाडीचं नाक किंचित उचललं. सुई जाड पदराला टेकल्यासारखी. मावशींनी पाय तिथेच धरला आणि हँडब्रेक सोडला.

गाडी मागे आली नाही. बंदही पडली नाही. मावशींच्या शब्दाची वाट पाहत चढावर नुसती गुरगुरत राहिली.

मावशींनी उजव्या पायाने हळूच शब्द दिला.

वळण गेलं. दुसरा गियर. माथ्यावरचा सपाट रस्ता लागला तसा तिसरा, लोण्यात सुरी जावी तसा. मावशी मोठ्यांदा हसल्या. लांब, सरळ शिवण एका दमात मारताना त्या अशाच हसायच्या, दुकानात एकट्या असल्या तर.

रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून त्यांनी संशयाने शेजारी पाहिलं. "खरं सांग. पाय लावलास ना?"

शिकवणारी सीटवर ऐसपैस मांडी घालून बसली होती.

"कधीपासून अशी बसली आहेस?"

"तुम्ही चप्पल काढलीत तेव्हापासून."

मावशींनी पदराने गियरची मूठ पुसली, लहान मुलाचं तोंड पुसावं तशी.

"मुलाला फोन लावून देऊ?"

"नको," मावशी म्हणाल्या. "उद्या त्या गिऱ्हाईकालाच शेजारी बसवते आणि आणते वर. मांडी घालून बस म्हणावं."