हजर असेल त्यालाच मत

“लिफ्टसाठी वर्गणी काढायची का, ते मतदानाने ठरवू. पण खाली हजर असेल त्यालाच मत,” तळमजल्यावरच्या सेक्रेटरी गद्र्यांनी समोसा चावत नियम सांगितला.

“आणि चौथ्या मजल्यावरच्या बेहेरेआजी? गुडघे गेलेत त्यांचे!” मी म्हणाले.

“नियम म्हणजे नियम, वहिनी.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आणि माझ्या नवऱ्याने आजींना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणलं. वाटभर त्या डोळे गच्च मिटून होत्या. खुर्ची टेकताच त्यांनी मतासाठी हात वर केला.

गद्रे बोटं चाटत हसले. “बघा, आल्या की आजी खाली! मग लिफ्ट हवी कशाला?”

सभा खिदळली. आणि ‘लिफ्ट नको’ म्हणत समोशाने तेलकट झालेले हात भराभर वर गेले.