पहिला अंदाज

पाच वाजता शोध थांबवायचा हुकूम होता, आणि तीन वाजून गेले होते.

पासलीच्या वरच्या वाडीवर दरड आली त्याला चार दिवस झाले. सगळे सापडले, एक हनुमंत सोडून. त्याच्या घराच्या जागी पोकलेननं दोनदा खोदलं. एकदा कपाट निघालं, एकदा नुसती माती.

शोधपथकातली प्रेरणा खोक्यावर लॅपटॉप ठेवून चिखलात बसली होती. जमिनीखालचं लोखंड टिपणारं यंत्र तिनं अख्ख्या दरडीवरून फिरवलं होतं. हनुमंताची मोटारसायकल सापडली की तोही तिथंच, असा सगळ्यांचा होरा. वर टिपलेले आकडे हातात होते; त्यांवरून गाडी कुठं आणि किती खोल, ते उलटं काढायचं होतं.

"सारखं तेच उत्तर येतंय," ती म्हणाली. "पहिला अंदाज आपण द्यायचा असतो, बाबा. गणित तिथून पुढं सरकतं, आणि जवळ एखादा खळगा मिळाला की त्यातच बसतं. खरं उत्तर लांब असलं तरी."

"आमच्या म्हशीगत," हनुमंताचा बाप सावळाराम म्हणाला. "डबकं दिसलं की बसली. मग काठी मोडली तरी उठत न्हाई."

कुणी हसलं नाही. तोही नाही.

"अंदाज कुठला दिलाय, ताई?" मंगलनं विचारलं. ती हनुमंताची बायको. दरड आली त्या पहाटे माहेरी, शिवऱ्याला होती, म्हणून उरली.

"तुमचं घर."

मंगलनं पदर कमरेला खोचला. काढला. पुन्हा खोचला.

"म्या म्हायेरी गेले की त्ये हितं झोपत न्हाईत."

"मंगल!" सावळाराम ओरडला. "माणूस मातीत हाय त्यो. आता तरी..."

"म्हणूनच सांगतीया, मामंजी." तिनं ओढ्यापलीकडच्या ढिगाऱ्याकडं बोट केलं. "रत्नाच्या दारात धरा गाडी."

रत्ना एकटी राहायची. भावाकडं पुण्याला गेली असंल, असं सगळेच म्हणत होते. तिला कुणी शोधलंच नव्हतं.

प्रेरणानं नवा अंदाज टाकला. आकडे हलले, घसरत गेले, थांबले. पडद्यावरच्या दोन रेघा, एक टिपलेल्या आकड्यांची, एक गणिताची, एकमेकींवर नीट बसल्या. ती उठून ओढ्याकडं चालू लागली. तिच्यामागं पोकलेन वळला.

सावळाराम होता तिथंच, चिखलात खाली बसला.

खोरी उचलून निघालेल्या गड्यांना मंगलनं मागून हाक मारली.

"चादरी दोन घ्या रं."