शालनच्या घशाची आखणी

शालन गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दुपारी तिच्या नवऱ्याने, दिनकरने, तिच्या घशाच्या कर्करोगावरचे किरणोपचार आखण्यासाठी बनवलेली तिची संगणकातली बोलती प्रतिकृती हे उपचार शिकणाऱ्या मुलांसाठी देऊन टाकली. किरणांची मात्रा चुकली की त्या प्रतिकृतीला दुखतं आणि आपले उपचार चालू आहेत असंच तिला वाटतं, हे त्याला नंतर कळलं.

वर्षभराने तो ती बंद करायला वैद्यकीय महाविद्यालयात गेला. बंद करण्याआधी मृत्यूची बातमी तिला घरच्यांनीच सांगायची, असा तिथला नियम होता.

तो दारात थांबला. निशिगंधा नावाची विद्यार्थिनी पडद्यावर किरणांची आखणी करत होती.

"पोरी, घसा भाजला गं," पडद्यावरची शालन म्हणाली.

"चुकलं, काकू. किरणांची कडा आत घेते."

"घे. कालच्या पोराने तोंडाची चवच घालवली. आता घरी गेल्यावर आमटीतलं मीठ काय तो येऊन बघणार?"

निशिगंधा हसली.

"आमचे हे बाहेर बसलेत का बघ. चहा पिऊन घ्या म्हणावं, आज उशीर होईल."

निशिगंधाने वळून दिनकरकडे पाहिलं. त्याची मान खाली गेली.

"बसलेत, काकू."

"मग कर सावकाश."

दिनकर बाहेर बाकावर जाऊन बसला. तिच्यासमोर उभं राहायची त्याला लाज वाटत होती. ती प्रतिकृती अजून चालूच आहे; आपण मेलोय, हे तिथल्या शालनला अजून कुणी सांगितलेलं नाही.